दोन अर्ज



१८८३ साली आपला पनवेल तालुका ठाणे जिल्ह्यातून निघून कुलाबा जिल्ह्यात आला. पुढे कुलाब्याचा रायगड झाला, गावाची महानगरपालिका झाली. पण जिल्हा बदलला तो त्या वर्षी. त्याच वर्षी, जून महिन्याच्या २८ तारखेला, अमेरिकेतील न्यू जर्सी संस्थानात रोझेल नावाच्या लहानशा गावी बसून अठरा वर्षांच्या एका मराठी मुलीने एका कॉलेजला अर्ज लिहिला. तिचे बालपण ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणास गेले होते आणि लग्नानंतरचे काही दिवस कुलाबा जिल्ह्यातल्या अलिबागेस. या दोन गोष्टींचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही, आणि तो ओढूनताणून जोडण्याचा माझा विचारही नाही. परंतु एका बाजूस कल्याण आणि दुसऱ्या बाजूस अलिबाग अशा मधल्या गावी बोलावयाचे आहे, तेव्हा आनंदीबाई जोशी यांच्याविषयी बोलताना परक्या मुलखातील पाहुणीविषयी बोलत आहोत असे आपणांस वाटावयास नको, एवढाच हेतू.

आनंदीबाईंचे चरित्र आपणांस ठाऊक आहे. काशीबाई कानिटकरांनी ते लिहिले, श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीने ते घरोघर पोहोचविले. ते सगळे चरित्र पुन्हा सांगून आपला वेळ मी घेणार नाही. मला त्यातील एकच कागद आज आपल्यापुढे उघडावयाचा आहे, तो म्हणजे हा अर्ज. आणि त्याच्या शेजारी पाच वर्षे आधीचा दुसरा एक कागद ठेवावयाचा आहे. एक अर्ज फेटाळला गेला, दुसरा मान्य झाला. असे का झाले, हा आजचा प्रश्न.

इतिहासाच्या व्याख्यानात कॉलेजच्या प्रवेशअर्जाचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. आपल्याकडे डॉक्टर किंवा इंजिनियर व्हावयाचे तर परीक्षा द्यावयाची, गुण मिळवावयाचे आणि यादीत आपला क्रमांक शोधावयाचा. ‘तुला हे का शिकावयाचे आहे?’ असे त्या यादीला विचारता येत नाही. पण परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींना नेमका हाच प्रश्न कागदावर सोडवावा लागतो. अमेरिकेतील काही कॉलेजे तर अर्जदाराने आपल्याला पत्र लिहिले होते काय, प्रत्यक्ष येऊन कॉलेज पाहिले होते काय, याचीही नोंद ठेवतात. त्यावरून त्याची ओढ किती खरी याचा अंदाज बांधतात. मग ती ओढ दाखविण्याची विद्या शिकविणारे निघतात, निबंध लिहून देणारे निघतात. असे चार निबंध वाचले की, चारही घरांतल्या आज्या एकाच दुखण्याने एकाच रात्री आजारी पडल्या होत्या की काय, अशी शंका येऊ लागते. आणि ज्या मुलाच्या नावाने तो निबंध आहे त्याला दोन प्रश्न विचारले की तो बापाच्या तोंडाकडे पाहतो. हे तोंडाकडे पाहणे लक्षात असू द्या. आनंदीबाईंच्या गोष्टीचा तोच गाभा आहे.

पहिला कागद आहे कोल्हापूरचा, ४ सप्टेंबर १८७८ चा. लिहिणारे गोपाळ विनायक जोशी. टपाल खात्यातील एक कारकून. गृहस्थ विक्षिप्त, तऱ्हेवाईक, पण स्त्रीशिक्षणाच्या बाबतीत हट्टाला पेटलेले. पहिली पत्नी वारल्यावर कल्याणच्या गणपतराव जोशी यांची नऊ वर्षांची यमुना त्यांनी १८७४ साली पत्करली, तिचे नाव आनंदी ठेवले आणि तिला शिकविण्याचा सपाटा लावला. या शिकविण्याचे गोडवे गाताना आपण एक गोष्ट सहसा झाकून ठेवतो. पुढे अमेरिकेतून आनंदीबाईंनी आपल्या पतीला लिहिलेल्या एका पत्रात, त्यांनी लहानपणी आपल्याला लाकडाच्या ढलप्यांनी मारले, पुस्तके आणि खुर्च्या फेकून मारल्या, याची आठवण शांतपणे करून दिली आहे. दहा वर्षांच्या मुलीला अभ्यास टाळल्याबद्दल बसलेला तो मार होता. तेव्हा या विद्येची ओढ आरंभी कोणाची होती, याविषयी शंका नको. ती गोपाळरावांची होती.

कोल्हापूरला त्यांची बदली झाली तेव्हा तेथे अमेरिकन मिशनऱ्यांचा वावर होता. नवरा-बायको बरोबर फिरावयास निघतात, बायको मिशनरी बायकांकडे शिकावयास जाते, यावरून गावात टवाळी होऊ लागली. गोपाळरावांच्या मनाने घेतले की, येथे हे होणार नाही, अमेरिकेसच जावे. त्यांनी एका मिशनऱ्याच्या मार्फत रॉयल वाइल्डर यांना पत्र धाडले. हे वाइल्डर पूर्वी कोल्हापुरात मिशनचे काम करीत आणि आता अमेरिकेत परतून ‘मिशनरी रिव्ह्यू’ नावाचे मासिक चालवीत. पत्राचा आशय असा की, आपणांस पत्नीला शिकवावयाचे आहे, येथील समाज ते करू देत नाही, तेव्हा अमेरिकेत आपल्याला काही नोकरी मिळवून द्यावी.

वाइल्डरसाहेबांनी ते पत्र आपल्या मासिकात छापले आणि खाली आपले उत्तरही छापले. उत्तर थोडक्यात असे: आधी ख्रिस्ताचा स्वीकार करा, मग पाहू.

या उत्तराचा राग येणे साहजिक आहे, आणि आपल्या लेखकांनी तो भरपूर केला आहे. पण क्षणभर अर्ज वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहा. समोरच्या कागदावर काय आहे? शिकावयाचे आहे पत्नीला. ती तेरा वर्षांची. तिचा स्वतःचा एक शब्द त्यात नाही. नोकरी हवी आहे ती नवऱ्याला. काय शिकावयाचे आहे, कोठे, कशासाठी, शिकून पुढे काय करावयाचे आहे, यांपैकी कशाचाच पत्ता नाही. अशा वेळी वाचणारा आपल्या मनातली इच्छा त्या रिकाम्या जागेत भरतो. वाइल्डर यांची हयात धर्मप्रसारात गेलेली. त्यांना त्या जागेत एक होऊ घातलेला ख्रिस्ती दिसला. यात त्यांचा अनुदारपणा आहेच. परंतु गोपाळरावांच्या अर्जातही एक पोकळी होती, हे आपण कबूल करावयास हवे. त्यांची तळमळ खरी होती, यात संशय नाही. मात्र ती दुसऱ्याच्या आयुष्याविषयीची तळमळ होती.

आता योगायोग असा की, ज्यांना उद्देशून ते पत्र नव्हते त्यांच्यापर्यंत ते पोहोचले. थिओडिसिया कार्पेंटर नावाची रोझेलची एक गृहिणी १८८० साली दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसली होती. तेथे पडलेला ‘मिशनरी रिव्ह्यू’चा एक जुना अंक तिने सहज चाळला आणि ते पत्र व त्याचे उत्तर वाचले. उत्तराने ती अस्वस्थ झाली. तिने हिंदुस्थानात पत्र पाठविले. गोपाळरावांना नोकरी देण्याचे तिच्या हाती नव्हते. पण तिच्या पत्रामुळे एक गोष्ट अशी घडली, जी नवऱ्याच्या धाकाने घडली नव्हती. आनंदीबाई स्वतः लिहू लागल्या.

१८८० ते १८८३ ही तीन वर्षे मला फार महत्त्वाची वाटतात. एकमेकींना कधी न पाहिलेल्या या दोघींचा पत्रव्यवहार चालला. आनंदीबाई तिला मावशी मानू लागल्या. त्यात आपल्या चालीरीती, सणवार, बालविवाह, धर्म, प्रकृती, सगळे आले. प्रकृती तर नाजूकच. डोकेदुखी, ताप, अशक्तपणा पाठ सोडीत नव्हते. मावशीने अमेरिकेहून औषधेही धाडली. या पत्रांत आनंदीबाई काही मागत नव्हत्या. आपण कोण आहोत हे त्या सांगत होत्या, आणि सांगता सांगता बहुधा स्वतःलाही ते उमगत होते.

मध्ये एक घाव बसून गेला होता. वयाच्या चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या, आणि मुलगा दहा दिवसांचा होऊन गेला. वेळेवर योग्य वैद्यकी मिळाली असती तर तो वाचता, असे त्यांना वाटत राहिले, आणि तेथून डॉक्टर होण्याचा निश्चय उगवला, असे चरित्रे सांगतात. मला त्याहून लक्षात घेण्यासारखी वाटते ती गोष्ट पुढे अर्जाच्या संदर्भात येईल.

१८८१ साली गोपाळरावांची बदली कलकत्त्याकडे झाली. तेथे थोबर्न नावाच्या एका डॉक्टर दांपत्याने फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाचे नाव सुचविले. हे कॉलेज १८५० साली निघालेले, केवळ स्त्रियांना वैद्यक शिकविणारे. आता शिकावयाचे काय आणि कोठे, हे ठरले. गोपाळरावांना जाणे जमेना. तेव्हा आनंदीबाईंनी एकटीने जावे असे निघाले, आणि कलकत्त्यापासून कल्याणपर्यंत एकच काहूर उठले.

त्या काहुराला त्यांनी दिलेले उत्तर म्हणजे २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात केलेले इंग्रजी भाषण. अठरा वर्षेही पुरी न झालेली एक ब्राह्मण स्त्री भर सभेत उभी राहते, ही त्या काळी केवढी गोष्ट! परंतु भाषणाची मांडणी पाहिली की धैर्यापेक्षा विचाराचेच नवल वाटते. लोक आपल्याला जे प्रश्न विचारतात तेच त्यांनी एकेक करून घेतले. अमेरिकेसच का? येथे शिकण्याची सोय नाही काय? एकटीच का? परत आल्यावर वाळीत टाकतील त्याचे काय? तिकडे काही बरेवाईट झाले तर? आणि आजवर कोणी बाईने जे केले नाही ते तूच का करावेस?

यांतला दुसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. तेथे ‘नाही, सोय नाही’ एवढे म्हणून चालले असते. टाळ्याही पडल्या असत्या. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी कोठे काय उपलब्ध आहे याचा हिशेब मांडला. मद्रासेस स्त्रियांना वैद्यक शिकता येते हे त्यांना माहीत होते. १८७५ पासून तेथील मेडिकल कॉलेजात चार स्त्रिया शिकू लागल्या होत्या. इतरत्र सुइणींचे वर्ग आहेत, पण ते पुरे पडणारे नाहीत. शिकविणारे पुरुष जुन्या मताचे. आणि ब्राह्मो किंवा ख्रिस्ती स्त्रीला जे सोसावे लागत नाही ते हिंदू स्त्रीला घराबाहेर पडताच रस्त्यात सोसावे लागते, हे त्यांनी अनुभवाने सांगितले. आपण ज्या कॉलेजात जाऊ पाहतो त्याचे गुणगान करण्यापेक्षा आपल्यापुढे दुसऱ्या कोणत्या वाटा होत्या आणि त्या का पुरेशा नाहीत, हे जो सांगू शकतो त्याने त्या प्रश्नाशी खरोखर झटापट केलेली असते. आज ‘तुम्हाला आमचेच कॉलेज का हवे?’ असा प्रश्न अर्जात असतो आणि मुले त्या कॉलेजच्या इमारतींचे व नामवंत प्राध्यापकांचे वर्णन उतरून काढतात. सेरामपूरचे ते भाषण त्यांना एकदा वाचावयास द्यावे.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या. सोबत अमेरिकेस परतणाऱ्या मिशनरी बायका. ४ जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कार्पेंटरबाई त्यांना उतरून घ्यावयास आल्या होत्या. कॉलेज पाहावयास अर्जदार प्रत्यक्ष आला होता काय, याची आजची कॉलेजे नोंद ठेवतात असे मी वर म्हटले. या अर्जदाराला नुसते दारापर्यंत पोहोचावयास ५८ दिवस लागले होते. आणि प्रवेश? तो अजून मिळालाच नव्हता. अर्ज लिहिला तो आणखी चोवीस दिवसांनी.

आता तो अर्ज. कॉलेजच्या कार्यकारी समितीचे आल्फ्रेड जोन्स यांना उद्देशून तो लिहिलेला आहे. मी त्याचा आशय माझ्या शब्दांत सांगतो. पहिली गोष्ट, आपले वय आणि शिक्षण तुमच्या प्रवेशाच्या अटींत सर्वस्वी बसत नाही, हे त्या आपण होऊन सांगतात. उणीव झाकण्याचा प्रयत्न नाही. आपली परिस्थिती वेगळी आहे, ती ध्यानी घेऊन सवलत द्यावी, एवढीच विनंती. दुसरी गोष्ट, आप्त आणि जात यांचा एकवटलेला विरोध सोसून ज्या निर्धाराने मला येथवर आणले तोच निर्धार पुढचा अभ्यासही पार पाडील असे तुम्ही समजावे. म्हणजे ‘मी चिकाटीची आहे’ असे त्या म्हणत नाहीत. मी येथे उभी आहे याचा अर्थ तुम्हीच लावा, असे म्हणतात. आणि तिसरी गोष्ट, हेतूची. माझ्या देशातील दुःखी स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून उपचार करून घेण्यापेक्षा मरण पत्करतात. त्यांना खरी वैद्यकीय मदत मिळवून द्यावी यासाठी मी आले आहे. माणुसकीचा आवाज माझ्या बाजूस आहे, तेव्हा मला अपयश येऊन चालणार नाही.

बस्स. या अर्जाचे जे परिच्छेद सर्वत्र गाजले त्यांत दहा दिवसांच्या त्या मुलाचा उल्लेख नाही. मघा म्हटले ती गोष्ट ही. आजचा कोणीही सल्लागार सांगता की, अर्ज तेथूनच सुरू करा. वाचणाऱ्याचे डोळे पाणावले पाहिजेत. त्या सुरू करतात आपल्या अपुऱ्या तयारीपासून आणि थांबतात दुसऱ्यांच्या गरजेवर. स्वतःचे दुःख त्यांनी भांडवल म्हणून मांडले नाही. हे त्यांनी विचारपूर्वक केले की ते दुःख तसे मांडण्याची कल्पनाच त्यांना शिवली नाही, हे मला सांगता येणार नाही. पण दुसरे अधिक संभवते.

आणि कोल्हापूरच्या त्या कागदाशी हा ताडून पाहा. तेथे नवऱ्याने बायकोसाठी लिहिले होते. येथे लिहिणारी आणि जाणारी एकच आहे. तेथे पोकळी होती, येथे कॉलेजचे नाव, विद्येचे नाव आणि ज्यांच्यासाठी ती शिकावयाची त्या बायका, तिन्ही आहेत. पाच वर्षांत ओढीचा मालक बदलला होता. गोपाळरावांनी मार देऊन जी गोष्ट गळी उतरविण्याचा प्रयत्न केला ती त्या माराने उतरली असे मी म्हणणार नाही. माराने शिकलेल्या मुली पुढे पुस्तकाचा द्वेष करतात. ती उतरली मृत बाळामुळे, मावशीला लिहिलेल्या पत्रांमुळे, सेरामपूरच्या सभेत स्वतः दिलेल्या उत्तरांमुळे. पण आरंभ नवऱ्याच्या हट्टात होता, हेही नाकारता येत नाही. आईबापांनी लावलेली ओढ खोटीच असते, असे म्हणणाऱ्यांशी म्हणूनच मी सहमत नाही. ती दुसऱ्याची असू शकते. पुढे ती आपली होते की नाही, एवढाच प्रश्न. आणि ती आपली झाली की कागदावर लपत नाही.

कॉलेजच्या डीन होत्या रेचल बॉडली, रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका. त्यांनी प्रवेश दिलाच, शिवाय तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती देवविली. १८८३ च्या ऑक्टोबरात अभ्यास सुरू झाला.

येथवर सांगितलेली गोष्ट फार गोड वाटते, म्हणून तिच्या शेजारी एक कडू गोष्ट ठेवणे भाग आहे. त्याच १८८३ साली दुसरी एक मराठी स्त्री वैद्यक शिकावयाचे म्हणून समुद्रापार गेली होती. पंडिता रमाबाई. पुण्यास १८८२ साली हंटर कमिशनपुढे साक्ष देताना, या देशाला स्त्री-डॉक्टरांची आणि स्त्री-शिक्षिकांची किती निकड आहे हे त्यांनी ठासून सांगितले होते. विद्वत्तेत आनंदीबाईंहून त्या कितीतरी पुढे. संस्कृत तर जिभेवर. पदरी तान्ही म्हणावी अशी मुलगी घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. पण त्यांना कमी ऐकू येत असे, आणि बहिरेपण वाढत होते. त्या एका कारणाने वैद्यकाचे दार त्यांना बंद झाले. त्यांची आस्था खोटी होती असे कोण म्हणेल? आस्था खरी असली म्हणजे दार उघडतेच, हा हिशेब चुकीचा आहे. आनंदीबाईंना अपुऱ्या शिक्षणाबद्दल सवलत मिळाली, कारण शिक्षण भरून काढता येते. कानाला सवलत देणारे कोणी भेटले नाही. रमाबाई चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात शिकू आणि शिकवू लागल्या, आणि पुढे त्यांच्या आयुष्याने दुसरीच, अधिक विस्तीर्ण वाट धरली.

अर्ज आणि आस्था यांच्याविषयी बोलताना आपल्या जिल्ह्यातली दोन नावे आठवतात, ती जाता जाता सांगतो. महाड तालुक्यातील नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ च्या मॅट्रिकला पहिले आले, केंब्रिजला गेले, १९१८ साली आय. सी. एस.च्या परीक्षेतही पहिले आले. त्यांना कोणी ‘का?’ विचारले नाही. विचारण्याची गरज पडली नाही. परीक्षेचे हे एक मोठे सुख आहे. गरिबाच्या मुलाला तेथे आपले हृदय उघडून दाखवावे लागत नाही. निबंधाची पद्धत परीक्षेपेक्षा सरसकट उदात्त आहे असे कोणी समजू नये.

दुसरे नाव डॉ. आंबेडकरांचे, ते जन्माने या जिल्ह्याचे नसले तरी १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहाने आपले झाले आहेत. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी परदेशी शिष्यवृत्तीसाठी त्यांची मुलाखत घेतली तेव्हा, काय शिकणार आणि त्या शिक्षणाचे पुढे काय करणार, हे दोन्ही प्रश्न विचारले, असे चरित्रकार सांगतात. समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विशेषतः सार्वजनिक अर्थव्यवहार शिकेन, आणि आपल्या समाजाची स्थिती सुधारण्याची वाट त्यातून शोधीन, असे तरुण भीमरावांचे उत्तर होते. शिष्यवृत्ती मिळाली, बदल्यात दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करण्याचा करार ४ जून १९१३ रोजी लिहून घेतला गेला. ‘का?’ हा प्रश्न विचारणाऱ्यावरही एक जबाबदारी येते, ती येथे दिसते. १९१७ साली करार पाळण्यासाठी ते बडोद्यास गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी खानावळीत नाव लपवून राहावे लागले आणि तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. अर्जदाराने आपल्या बाजूचे वचन पाळले. समाजाने आपल्या बाजूचे पाळले नाही.

आनंदीबाईंकडे परत वळतो. फिलाडेल्फियाचा हिवाळा, अपुरा आहार, आधीच खचलेली प्रकृती. तेथे त्यांना क्षयाने गाठले. अभ्यास मात्र सुटला नाही. पदवीसाठी लिहावयाच्या प्रबंधाला त्यांनी विषय घेतला आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. मला हा विषय त्या अर्जाचाच पुढचा परिच्छेद वाटतो. अमेरिकेत जाऊन तेथलीच एखादी नवी शस्त्रक्रिया घेऊन लिहिता आले असते. परीक्षकही खूष झाले असते. त्यांनी आपल्या जुन्या ग्रंथांत गरोदर स्त्रीची, बाळंतिणीची आणि नवजात अर्भकाची काळजी कशी सांगितली आहे, हे नव्या विद्येपुढे मांडले. १८७२ पासून आयुर्वेदीय औषधे बनविणाऱ्या धूतपापेश्वरच्या या गावाला त्याचे अगत्य वाटावे. आणि ज्या अर्भकाचा अर्जात उल्लेख नाही, ते येथे, कोणाचेही नाव न घेता, पानोपानी आहे असे मला वाटते. हा माझा तर्क. पुरावा म्हणून तो धरू नका.

त्याच कॉलेजात त्या वेळी जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली याही शिकत होत्या. १८८५ च्या ऑक्टोबरात तिघींनी आपापल्या देशाच्या पोशाखात एकत्र काढलेले छायाचित्र आजही पाहावयास मिळते. आनंदीबाई साडीत आहेत. मांस, मद्य, धर्म, कशालाही त्यांनी हात लावू दिला नाही. वाइल्डरसाहेबांची अट न पाळताच त्या तेथे पोहोचल्या होत्या.

११ मार्च १८८६ रोजी पदवीदान झाले. त्या समारंभासाठी इंग्लंडहून एक पाहुणी मुद्दाम आली होती, पंडिता रमाबाई. ज्या विद्येचे दार आपल्याला बंद झाले ती विद्या आपल्याच भाषेची, आपल्याहून सात वर्षांनी लहान मुलगी घेते आहे, हे पाहताना त्यांना काय वाटले असेल? त्या दिवसाची हकीगत सांगणारे बहुधा आनंदीबाईंकडेच पाहतात. मी मात्र ते वाचताना दर वेळी श्रोत्यांत बसलेल्या रमाबाईंकडे पाहतो.

कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील स्त्रियांच्या विभागाचे प्रमुखपद देऊ केले. म्हणजे ज्या गावाहून १८७८ चा तो पहिला अर्ज निघाला होता, त्याच गावाने आठ वर्षांनी त्यांना बोलावणे धाडले. ते त्यांनी स्वीकारले. १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या त्या अंथरुणाला खिळण्यासाठीच. कोल्हापुरात त्यांना एक दिवसही काम करता आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. बाविसावे वर्ष पुरे व्हावयास महिनाभर राहिला होता.

गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या. न्यूयॉर्क संस्थानातील पकिप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, त्या ठेवलेल्या आहेत. शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशी त्यांची ओळख तेथील दगडावर कोरली आहे. आणि रोझेलहून लिहिलेला तो अर्ज फिलाडेल्फियात, त्या कॉलेजच्या जुन्या दप्तरात, अजून जपून ठेवलेला आहे.